पिनेभोवती पाणी येतंय, पुढं नेल टाकता येईल का?

ड्रेसिंगरूम: नडगीचं उघडं फ्रॅक्चर, बाहेरून फिक्सेटर (हाडातल्या पिनांना जोडलेला बाहेरचा सांगाडा), ५ मिमीच्या चार शान्झ पिना (हाडात फिरवून बसवायच्या). दहाव्या दिवशी गुडघ्याजवळच्या पिनेभोवती लाली आणि चिकट पिवळसर पाणी. ताप नाही, पिना घट्ट आहेत, बाकी तीन कोरड्या. ड्रेसिंगला रोज बेटाडीन आणि खपली खरवडणं. सर्जनना पुढं नेल (हाडाच्या पोकळीत बसणारा धातूचा दांडा) टाकायचाय. ही पिन आडवी येईल का?

ट्रॉमा_रजि: आधी ग्रेड ठरवा. चेकेट्स-ऑटरबर्न या पिनेच्या संसर्गाच्या वर्गवारीत १ ते ३ किरकोळ, फिक्सेटर राहतो. नुसती लाली आणि थोडं पाणी असेल तर ग्रेड १, ड्रेसिंग वाढवून भागतं. दाबल्यावर दुखत असेल, पू असेल तर २, तोंडावाटे अँटिबायोटिक. त्यानंही बसलं नाही तर ३, तेवढी पिन काढून दुसरीकडे घाला. ४ पासून फिक्सेटरच काढावा लागतो. स्वॅब (जंतू तपासायला पाण्याचा नमुना) गोळ्या सुरू करायच्या आधी घ्या. बहुतेकदा स्टॅफ ऑरियस हा जंतू येतो.

रिंगवाला: चारातली एकच का बिघडली, ते बघा. गुडघा वाकवून पाहा. कातडी पिनेवर ताणली जात असेल तर ११ नंबरच्या ब्लेडनं तेवढी चीर वाढवा, नाहीतर औषधं बदलत बसाल. दुसरं कारण उष्णता: ड्रिलचं बोथट बिट, जास्त वेग, सलाईनची धार नाही, की पिनेभोवतीचं हाड जळतं. मग काही आठवड्यांनी पिन ढिली पडते आणि एक्स-रेत मेलेल्या हाडाची कडी दिसते.

आणि ही पिन सांध्याच्या रेषेपासून किती खाली आहे? १४ मिमीच्या आत असेल तर ती कॅप्सूलमधून (सांध्याच्या आवरणातून) गेलेली असू शकते. गुडघा सुजला, गरम लागला, हलवताना कळ आली तर त्याच दिवशी सांध्यातलं पाणी काढून तपासा. तिथं थांबायचं नाही.

सिस्टर_ऑर्थो: रोज खरवडणं आधी बंद! कोरडी खपली राहू द्या; खाली पू साचला असेल तरच सलाईननं भिजवून काढा. कोरड्या पिनांना आठवड्यातून एकदा अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडीन, वाहणारीला रोज. प्रत्येक पिनेला वेगळं गॉझ, वाहणारी शेवटी. मग पिनेभोवती गॉझ जरा दाबून गुंडाळा, कातडी हलायची थांबते. कुठलं द्रावण सर्वांत चांगलं यावर भक्कम पुरावा नाही, त्यामुळे त्यावर भांडू नका.

ट्रॉमा_रजि: नेलचं राहिलं. पिना स्वच्छ असतील तर पहिल्या दोन आठवड्यांत फिक्सेटर काढून थेट नेल घालतात. पू असताना रीमर (पोकळी रुंद करायचं ड्रिल) घातला तर तेच जंतू मज्जेच्या पोकळीत वरखाली पसरतात. तेव्हा फिक्सेटर काढा, छिद्रं क्युरेट करा (खरवडून साफ करा), पाय प्लास्टरच्या स्लॅबमध्ये ठेवा; छिद्रं सुकून सीआरपी (सूज-संसर्ग दाखवणारी रक्ततपासणी) उतरल्यावर नेल. जखम तेवढं थांबू देत नसेल तर रिंगवरच (पायाभोवतीच्या कड्यांच्या फिक्सेटरवर) शेवटपर्यंत न्या.

ड्रेसिंगरूम: पिन रेषेखाली २० मिमीवर, गुडघा थंड. चीर वाढवून स्वॅब पाठवलाय.