आई-बाबांना विमानातून फिरवायचंय, पण जुलैपासून उडवलंच नाहीये

घोडबंदरकर:
फिनिक्सला शिकायला होतो तेव्हा तिकडचं प्रायव्हेट पायलट लायसन्स काढलं, चेकराइड म्हणजे लायसन्सची प्रॅक्टिकल परीक्षा फेब्रुवारी 2024 ला झाली. गेल्या जुलैत म्हणजे 2025 मध्ये ठाण्याला परत आलो आणि तेव्हापासून विमानाला हात नाही. आता डिसेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन ताईकडे फिनिक्सला चाललोय आणि बाबा कधी काही मागत नाहीत पण यावेळी म्हणाले तुझ्या शेजारी बसून वरून शहराचे दिवे बघायचेत. फ्लाइट रिव्ह्यू, म्हणजे पायलटची ठरावीक काळाने होणारी इन्स्ट्रक्टरबरोबरची तपासणी, 24 महिने चालतो ना, म्हणजे फेब्रुवारी 2026 अखेरपर्यंत मी ओके? शेवटची लँडिंग्ज पायपर कंपनीच्या छोट्या विमानावर होती, आता दुसऱ्या कंपनीचं, सेसना 172 भाड्याने घेणार आहे.

नेरुळची_पायलट:
नाही रे, रिव्ह्यू वेगळा आणि पॅसेंजर न्यायची करन्सी, म्हणजे अलीकडे पुरेसं उडवलेलं असण्याची अट, वेगळी. चेकराइडमुळे रिव्ह्यू चालू आहे तो आहेच, पण एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचा, नियम 61.57 बघ, मागच्या 90 दिवसांत 3 टेकऑफ आणि 3 लँडिंग, कंट्रोल फक्त तुझ्या हातात. पायपर-सेसनाचं टेन्शन घेऊ नकोस, दोन्ही सिंगल इंजिन लँड, म्हणजे जमिनीवर उतरणारी एका इंजिनाची, क्लास एकच. तुझी लँडिंग्ज जुलैची आहेत, अडचण ती आहे.
आणि दिवे म्हणजे रात्र! सूर्यास्तानंतर 1 तास ते सूर्योदयाच्या 1 तास आधी या वेळात पॅसेंजर न्यायचे तर तिन्ही टेकऑफ-लँडिंग त्याच वेळात केलेली हवीत आणि प्रत्येक वेळी फुल स्टॉप, टच-अँड-गो म्हणजे टेकवून न थांबता परत उडणं धरत नाहीत.

ऐरोलीकर:
नियमाने ही तीन सर्किट्स, म्हणजे उडून धावपट्टीला वळसा घालून परत उतरणं, तू एकटा जाऊन मारू शकतोस कारण पॅसेंजर नसतो, पण कळकळीने सांगतो इन्स्ट्रक्टर घेऊन जा. मी चार महिन्यांच्या गॅपनंतर गेलो तर पहिल्या लँडिंगला फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक वर उचलणं, इतका वर केला की विमान आपटून उसळलं, शेजारी आई असती तर काय झालं असतं हा विचार अजून जात नाही. भाड्याने देणारे तसाही चेकआउट, म्हणजे त्यांच्या इन्स्ट्रक्टरबरोबर एक चाचणी उड्डाण, मागतात, त्यातच तीन होऊन जातील.
अजून एक, डिसेंबरच्या मध्यावर फिनिक्सला सूर्यास्त साडेपाचच्या आधी होतो. पाचला उडालास आणि सहाला खाली आलास तर दिवसाची करन्सी पुरते आणि दिवे लागतानाही दिसतात.

घोडबंदरकर:
हे भारी सांगितलंत दादा. नेरुळवाल्या ताई, तुम्हालाही खूप थँक्यू. पोचल्यावर दोन-तीन दिवस नीट झोप काढून मग इन्स्ट्रक्टरबरोबर दोन सकाळी बुक करतो. बाबांना संध्याकाळचं सांगितलं, ते आत्ताच स्वेटर शोधायला लागलेत.