दोन वर्षं वाया गेली का?

सिंगापुरात पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, घेतला की मुलाची सैन्यातल्या सक्तीच्या सेवेत दोन वर्षं वाया जातात, असं कुणीतरी लिहिलंय. मी ती काढली आहेत. सुरुवातीचं प्रशिक्षण होतं त्या टेकाँग बेटावर सोडायला आई-बाबा फेरीबोटीतून आले होते. पहिल्या सुट्टीला माझा गोटा बघून आईला मुंजच आठवली! शेवटचा २४ किलोमीटरचा मार्च तळपायाच्या फोडांसकट लक्षात आहे. आणि सेक्शनमधल्या पोरांकडून शिकलेल्या होक्किएन या चिनी बोलीतल्या शिव्याही.

ओआरडीनंतर, म्हणजे ही सेवा संपल्यावर, कॉलेजात गेलो, तेव्हा शाळेतल्या माझ्या वर्गातल्या मुली दोन वर्षं पुढे गेलेल्या. ते टोचलं, खोटं कशाला बोलू? शिवाय रिझर्व्हिस्टची, म्हणजे राखीव सैनिक म्हणून, बोलावणी पुढेही येत राहतात. हिशेब मांडताना तीही धरा.