प्रवाळाची रोपं लावण्यावर पैसा घालावा का?

ओहोटीरेषा (धागाकर्ता):
समुद्रतळाचा एक टक्काही भाग प्रवाळभित्तींनी व्यापलेला नाही, तरी सागरी जीवांच्या सुमारे पाव जाती आयुष्याचा काही ना काही काळ तिथे काढतात. हे सगळं उभं असतं काही मिलिमीटरच्या पॉलिपवर, म्हणजे चुनखडीचा सांगाडा बांधणाऱ्या प्रवाळजीवावर, आणि त्याच्या पेशींत राहणाऱ्या एकपेशीय शैवालावर. पॉलिपला लागणाऱ्या ऊर्जेचा ९० टक्क्यांपर्यंत भाग हे शैवाल पुरवतं. भित्तीचे तपकिरी, सोनेरी, हिरवट रंग बहुतेक त्याचेच. निळे, जांभळे, गुलाबी मात्र पॉलिपच्या स्वतःच्या प्रथिनांचे. इतकं देखणं काही समुद्रात दुसरं नाही, म्हणूनच स्पष्ट लिहितो: प्रवाळाचे तुकडे रुजवण्याच्या प्रकल्पांवर होणारा खर्च चुकीच्या जागी जातोय.

कारण उष्णता. एखाद्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीहून पाणी १ अंश सेल्सिअसने तापलं आणि आठवडाभर तसंच राहिलं, की उष्णताभाराचं १ एकक धरतात. मागच्या बारा आठवड्यांत अशी ४ एककं साठली की मोठं विरंजन (शैवाल गमावून प्रवाळ पांढरं पडणं) अपेक्षित असतं, ८ झाली की मरतूक. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडातल्या रोपवाटिकांमधलं प्रवाळ घाईने जमिनीवरच्या टाक्यांत हलवावं लागलं. भित्तीवर उरलेल्या एल्कहॉर्न आणि स्टॅगहॉर्न या दोन जाती तिथे जवळपास पुसल्या गेल्या, आधी लावलेल्या रोपांसकट. दर हेक्टरी खर्चाचा मध्यांक मात्र सुमारे ४ लाख डॉलर, तोही २०१० च्या किमतींनी.

तळठाव:
फ्लोरिडाचं उदाहरण खरं आहे, पण सगळी भित्ती उष्णतेने मरत नाही. सुरुंग लावून मासेमारी झाली की मागे तुकड्यांचा खच पडतो. लाट आली की तो गडगडतो. त्यावर बसलेली प्रवाळाची अळी चिरडते, झाकली जाते, आणि शेजारी निरोगी भित्ती असूनही ती जागा दशकानुदशकं ओसाड राहते. इथे वाट पाहण्यात काही अर्थ नाही, तळ स्थिर करावाच लागतो.

इंडोनेशियात सुलावेसीजवळच्या स्पर्मोंडे द्वीपसमूहात लोखंडी सळ्यांचे षटकोनी सांगाडे वाळूचा थर देऊन तळाला जखडतात, एकमेकांना बांधून जाळं करतात आणि त्यावर तुकडे बांधतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, चार वर्षांत तिथली चुनखडी साठण्याची गती शेजारच्या निरोगी भित्तीइतकी झालेली दिसली. हा पैसा वाया गेला असं कसं म्हणता?

ओहोटीरेषा:
सुरुंगाच्या खचाबद्दल मान्य. पण त्याच अभ्यासात हेही आहे की रोपं प्रामुख्याने फांद्यांच्या प्रवाळाची होती, त्यामुळे जातींची सरमिसळ मूळ भित्तीसारखी झाली नाही. फांद्यांचं प्रवाळ वर्षाला १० सेंटिमीटर किंवा जास्तही वाढतं, म्हणून छायाचित्रात यश लगेच दिसतं. गोलाकार पोराइटीस प्रवाळ वर्षाला जेमतेम १ सेंटिमीटर वाढतं. आणि उन्हाळा तापला की सर्वांत आधी सहसा फांद्यांचंच मरतं. जगभरच्या प्रकल्पांच्या आढाव्यात सरासरी ६६ टक्के जगल्याची नोंद आहे, पण बहुतेकांची देखरेख दीड वर्षाच्या आत संपलेली. दीड वर्षात एखादा वाईट उन्हाळा येईलच असं नाही.

निळाई:
लावण्याच्या पद्धतीवर कोणी बोलत नाही, म्हणून थोडं सविस्तर. अपयश बरेचदा तिथे असतं.

पहिली गोष्ट वाण. एकाच वसाहतीचे शंभर तुकडे लावले तर ते एकच वाण. बहुतेक प्रवाळ स्वतःच्याच बीजाने फळत नाही, म्हणजे अंडी सोडण्याच्या रात्री तिथून पुढची पिढी निघणार नाही. वेगवेगळ्या वसाहतींचे वाण काही मीटरच्या आत मिसळून लावायला हवेत आणि कोणता कुठे आहे याची नोंद हवी.

दुसरी गोष्ट पकड. ५ ते १० सेंटिमीटरचा तुकडा लावण्याआधी खडकावरचं शैवाल तारेच्या ब्रशने उघड्या चुनखडीपर्यंत खरवडावं लागतं. तसं न करता इपॉक्सी (चिकटवण्याचा गोंद) लावली तर ती शैवालाला चिकटते आणि पहिल्या वादळात तुकडा जातो. बोटाने हलवून पाहा. तुकडा डुगडुगला तर त्याचा तळ कधीच पसरणार नाही.

मंद वाढणाऱ्या गोलाकार जातींसाठी हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने साधारण १ चौरस सेंटिमीटरचे काप करून चिनी मातीच्या चकत्यांवर चिकटवतात. कापलेली कड भरून काढताना ऊती झपाट्याने पसरते. अशा चकत्या शेजारीशेजारी लावल्या की एकाच वाणाचे काप जुळून एक वसाहत होते. इथे मात्र वाण एकच असावा लागतो. वेगळे असले तर सीमेवर एकमेकांशी झुंजतात. फांद्यांच्या रोपवाटिकेचा आणि या कामाचा नियम बरोबर उलटा आहे, आणि गफलत इथेच होते.

चुनखडी:
तुम्ही तिघंही रोपांभोवतीच फिरताय. आधी पाणी आणि चरणारे जीव. हवाईतल्या कानेओहे उपसागरातून १९७७-७८ मध्ये सांडपाणी दुसरीकडे वळवलं आणि भित्ती एकही रोप न लावता सावरू लागली. उलट कॅरिबियनमध्ये १९८३-८४ च्या साथीत शैवाल चरणारे काळ्या लांब काट्यांचे सी अर्चिन ९० टक्क्यांहून जास्त मेले. तसेच चरणारे पोपटमासे आधीच मासेमारीने घटलेले. खडकावर मोठं शैवाल माजलं आणि अळीला बसायला उघडी जागाच उरली नाही. अशा ठिकाणी कितीही तुकडे लावा, ब्रश घेऊन जन्मभर राखण करावी लागेल.

काटेरी मुकुटाच्या तारामाशाचंही तेच. एक मोठा तारामासा वर्षाला सुमारे १० चौरस मीटर प्रवाळ फस्त करतो. त्याच्या अळ्या सूक्ष्म वनस्पतींवर जगतात आणि शेतातून वाहून आलेल्या खताने त्यांचं खाद्य वाढतं. प्रत्येकाला पित्तक्षारांचं एक इंजेक्शन देऊन मारता येतं, पण उगम चालू ठेवून असं किती वर्षं करणार?

ओहोटीरेषा:
पाणी स्वच्छ करा, जरूर करा. पण २०१६ मध्ये ग्रेट बॅरियर रीफचा सर्वांत जास्त भाजलेला भाग होता दूर उत्तरेचा, जिथे वस्ती कमी आणि पाणी चांगलं. पाण्याचा दर्जा किंवा मासेमारीबंदी यांनी विरंजनाच्या तीव्रतेत जवळपास फरक पडला नाही.

चुनखडी:
विरंजनात फरक पडला नाही, हे खरं. विरंजित पॉलिप मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत भरतं. आणि जिथे मरतूक होते तिथे नवी अळी बसेल की नाही, हे पाणी आणि पोपटमासेच ठरवतात. तुम्ही भाजणं मोजताय, मी सावरणं मोजतोय.

तळठाव:
उष्णता सोसणारी सहजीवी शैवालं वापरून रोपं तयार होतात, त्याचा विचार धागाकर्त्याने केलेला दिसत नाही. डुरुसडिनियम गटाचं शैवाल असलेलं प्रवाळ १ ते १.५ अंश जास्त सोसतं.

निळाई:
सोसतं, पण किंमत मोजून. त्याच गटामुळे फांद्यांच्या प्रवाळातल्या अ‍ॅक्रोपोराची वाढ जवळपास एक तृतीयांशाने मंदावल्याची मोजणी आहे. आणि बऱ्याच प्रवाळांत उन्हाळा सरला की जुनं शैवाल परत जम बसवतं. काही जागांसाठी हा सौदा ठीक आहे. वादळं वारंवार येतात तिथे मंद वाढ परवडत नाही.

ओहोटीरेषा:
१ अंश मिळाला तरी किती काळ पुरणार? २०१८ च्या आयपीसीसी (हवामानबदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती) अहवालानुसार तापमानवाढ १.५ अंश झाली तर ७० ते ९० टक्के प्रवाळ जाईल, २ अंशांवर ९९ टक्क्यांहून जास्त. माझी अट एवढीच: सुरुंगाचा खच सोडून कुठेही रोपणाला पैसा देताना त्या जागेचा गेल्या वीस वर्षांचा उष्णताभार आधी मांडा, आणि देखरेखीचा निदान पाच वर्षांचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरा.

तळठाव:
पाच वर्षांची देखरेख मान्य. वीस वर्षांच्या आकड्यावर जागा बाद करणं मान्य नाही. एकाच बेटाच्या दोन बाजूंना, खोल थंड पाणी वर येतं तिथे आणि बंद खाडीत, तापमानात मोठा फरक असतो. उपग्रहाचा ५ किलोमीटरचा चौकोन तो दाखवत नाही. तळाला तापमापक बसवून निदान दोन उन्हाळे मोजा, मग बाद करा.