थिनरच्या डब्यांवरील ‘इनफ्लेमेबल’ आणि आपला फलक

*सचिव:* नमस्कार. रंगकामाच्या कंत्राटदाराने थिनरचे डबे तळघरात पंपाच्या खोलीत ठेवले आहेत. दारावर लावण्याच्या फलकाचा मजकूर सदस्यांनी नजरेखालून घालावा: ‘आत इनफ्लेमेबल पदार्थ आहेत. धूम्रपानास सक्त मनाई.’

*बी ३०२:* सचिवसाहेब, एक शंका आहे. काही डब्यांवर ‘फ्लेमेबल’ छापले आहे, तर काहींवर ‘इनफ्लेमेबल’. ‘इनकम्प्लीट’ आणि ‘इनव्हिजिबल’ यांच्या चालीवर पाहिले, तर दुसऱ्या प्रकारचे डबे पेट न घेणारे ठरतात. माझ्या दहावीतल्या मुलानेही तोच अर्थ लावला. मग त्यांच्यासाठी फलक कशाला?

*ए ५०१:* मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. दोन्ही विशेषणांचा अर्थ एकच आहे: सहज पेट घेणारा. ‘इनफ्लेमेबल’मधला ‘इन’ नकाराचा नाही. तो लॅटिनमधील ‘पेटवणे’ या अर्थाच्या ‘इनफ्लामारे’ या क्रियापदातून आलेला आहे. सांधा सुजून लाल झाला की डॉक्टर ‘इन्फ्लमेशन’ म्हणतात, तेही त्याच कुळातले, आणि तिथे ‘आग नाही’ असा अर्थ आपण कोणीही घेत नाही. दोघांत ‘इनफ्लेमेबल’ हे जुने रूप आहे. परंतु आपल्या मुलाला वाटले तसेच लोकांना वाटेल आणि त्यात एखाद्याचा जीव जाईल, या धास्तीने अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकात ‘फ्लेमेबल’चा आग्रह धरला आणि ब्रिटिश मानक संस्थेनेही १९५९ मध्ये तेच धोरण जाहीर केले. न पेटणाऱ्या पदार्थाला ‘नॉन-फ्लेमेबल’ म्हणावे. आपल्याकडील टँकरवर मात्र अजूनही ‘हायली इनफ्लेमेबल’ दिसते. व्याकरणात ते चूक नाही, पण फलकावर मी ते कदापि लिहिणार नाही.

*बी ३०२:* धन्यवाद, मॅडम. मग ‘कम्बस्टिबल’ हाही त्यांचाच भाऊ का?

*सी १०४:* त्याचे उत्तर मी देतो. माझी नोकरी कारखान्याच्या सुरक्षा विभागात झाली. ‘कम्बस्टिबल’ म्हणजे जळू शकणारा. लाकूड आणि कागद जळतात, परंतु ठिणगी पडताच भडकत नाहीत. द्रवांच्या बाबतीत हा फरक ‘फ्लॅश पॉइंट’वर ठरतो, म्हणजे ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते त्यावर. अमेरिकेतील अग्निसुरक्षा संहितेत ही सीमा ३७.८ अंश सेल्सिअस आहे. तिच्या खाली ‘फ्लेमेबल’ आणि वर ‘कम्बस्टिबल’. आपल्या पेट्रोलियम नियमांत ही विशेषणे बाजूला ठेवून अ, ब, क असे वर्गच केले आहेत, आणि २३ अंशांखालचे सगळे ‘अ’ वर्गात येते. अनेक थिनरांत टोल्युइन असते आणि त्याचा फ्लॅश पॉइंट सुमारे ४ अंश आहे, त्यामुळे आपल्या तळघरातली थंडीसुद्धा काही कामाची नाही. खरे तर फलकापेक्षा मला जागेची काळजी अधिक वाटते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते, आणि तिथेच पंपाची मोटर चालू-बंद होताना ठिणगी पडू शकते.

*डी २०३:* निदान रिकामे डबे तरी तिथे राहू द्यावेत. गच्चीवर जागा नाही.

*ए ५०१:* नाही, भाऊ. बेंजामिन ली व्होर्फ हे नामवंत भाषाभ्यासक अमेरिकेतील हार्टफर्ड येथे एका आगविमा कंपनीत नोकरीला होते. भरलेल्या पेट्रोलच्या पिंपांजवळ माणसे जपून वागतात, परंतु ‘रिकाम्या’ पिंपांजवळ खुशाल सिगारेट ओढतात, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. आत उरलेल्या वाफेमुळे ती पिंपे अधिकच घातक असतात.

*सी १०४:* मॅडमचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. डबे रिकामे असोत वा भरलेले, कुंपणालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवावेत. तिथे वारा खेळता आहे आणि विजेची जोडणी नाही.

*सचिव:* कंत्राटदाराशी आताच बोललो. संध्याकाळी सहापर्यंत सर्व डबे शेडमध्ये जातील. सुधारित मजकूर: ‘ज्वालाग्राही पदार्थ. विडी, सिगारेट, काडेपेटी यांना मनाई. रिकाम्या डब्यांनाही हाच नियम.’ इंग्रजीत फक्त ‘फ्लेमेबल’.

*बी ३०२:* खाली हिंदीतही लिहावे, कारण रंगकाम करणारी बहुतेक मुले हिंदीच वाचतात. शिवाय डब्यावर असते तसे ज्वालेचे लाल चौकटचिन्ह मोठे काढावे. ते काम माझा मुलगा करेल.

*सचिव:* चालेल. पुठ्ठा कार्यालयातून घेऊन जावा.