मदत हवी आहे : ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’च्या प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया भागाच्या मूळ प्रक्षेपणाच्या तारखेशी कशा जुळवायच्या?

यूट्यूबवर जुन्या भागाखाली ‘दयाभाभी परत आणा’ अशी कमेंट असते. दया (दिशा वकानी) २०१७ मध्ये मालिकेतून बाहेर पडली, म्हणजे कमेंट त्यानंतरची, भाग त्याआधीचा. म्हणून कमेंटची तारीख धरून उपयोग नाही.

भिडे मास्तरांची मुलगी सोनू कोण साकारते यावरून काळ बराचसा कळतो: झील मेहता २०१२ पर्यंत, निधी भानुशाली २०१९ पर्यंत, मग २०२४ पर्यंत पलक सिंधवानी. डॉ. हाथी हे पात्र मात्र हमखास फसवतं! त्या भूमिकेत निर्मल सोनी सुरुवातीला होते, मग कवी कुमार आझाद आले, आणि आझाद २०१८ मध्ये वारल्यावर सोनीच परत आले.

भाग क्रमांक आणि पहिल्या प्रक्षेपणाची तारीख एकत्र असलेली यादी कुणाकडे आहे का? आणि कापलेल्या क्लिपवर क्रमांकच नसतो, ती कशी ओळखता? भिडे मास्तरांच्या ‘सखाराम’ स्कूटरचे भाग आधी हवेत.