न बोलता भाषा झिजेल कशी?

खानापूरकर: परवा एका लग्नात पाहुणे तावातावानं म्हणाले, ‘सीमाभागात मराठी झिजत चाललीय.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मला शब्दच खटकला. झिजायला घासावं लागतं की! आमच्या जात्याला टाकी लावायला, म्हणजे दगडावर छिन्नीनं खाचा पाडायला, माणूस यायचा. टाकी झिजली की पीठ भरड पडायचं, आजीला पहिल्या मुठीतच कळायचं. जातं, उंबरा, सहाण, सगळं वापरून झिजतं. नुसतं पडून असलेलं गंजतं. पोरं घरातही मराठी बोलेनात, तर भाषा गंजतेय म्हणा.

निपाणीची सून: मग लेकीच्या काळजीनं आई झिजते ती कशावर घासून? संस्कृत क्षीयते, प्राकृत झिज्जइ, मराठी झिजते. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ‘झिज्जइ’ आहे. क्षय आणि झीज एकाच घरातले. मूळ अर्थ नुसता कमी होणं. घासणं मागून चिकटलं.

खानापूरकर: व्युत्पत्ती मान्य. पण आजारानं माणूस खंगतो, झिजतो तो कुणासाठी तरी. ‘चंदनासारखा खंगला’ म्हणून बघा एकदा.

निपाणीची सून: आणि ‘गुडघ्याची झीज’? तो गुडघा कुणासाठी झिजला?

खानापूरकर: जिने चढून. वापरच की तो!

वडगाव, मागावरचा: आमच्यात लुगडं झिजत नाही, विरतं. बसायच्या जागी उजेडाकडं धरलं की पलीकडची खिडकी दिसते, तरी धागा तुटलेला नसतो. नेसणाऱ्या बाईला पत्ताही नसतो. भाषेचं तसंच, ती विरते. आणि एक, कन्नडात या सगळ्याला ‘सवे’ पुरतं. चप्पल सवेदिदे. त्याचंच नाम ‘सवेत’: हाडांची झीजही ‘सवेत’, मातीची धूपही ‘सवेत’. आपण माती झिजली म्हणत नाही, धुपली म्हणतो.

गोकाक रोड: खडक मात्र झिजतो. गोकाकला घटप्रभा नदी 52 मीटरवरून पडते, तिथला कडा कोण ‘वापरतं’ सांगा.

खानापूरकर: पाणी घासतंय ना त्याला!

निपाणीची सून: तुमचं घासणं काही सुटेना. बरं, ‘उंबरे झिजवणं’ घ्या. 1956 ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला, 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात. तेवढ्यात उंबरे किती झिजवले! पण हे आपण म्हणतो कधी? काम झालं नाही तेव्हाच. झालं असतं तर ‘दोन खेपा घातल्या’ म्हटलं असतं. म्हणजे या शब्दात वापरापेक्षा वाया जाणं जास्त.

खानापूरकर: हा मुद्दा पटला. गंजण्याचा हट्ट मात्र सोडत नाही.

खानापूरकर (दुसऱ्या दिवशी): चप्पल घेऊन मोच्याकडं गेलो. मुद्दाम विचारलं, ‘टाच झिजली का हो?’ त्यानं उलटी करून बघितली. ‘झिजली कुठली, एका अंगानं खाल्लीया. तिरकं चालताय तुम्ही.’

वडगाव, मागावरचा: तरीच!