नाशिकमध्ये शाळा समुपदेशक व्हायचं? माझं मत : एवढ्यात नको

पाथर्डीफाटा (धागाकर्ती)

महिनाभरात तिघींनी विचारलं, "ताई, एमए सायकॉलॉजी झालं, शाळेत लागू का?" तिघींना तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच इथे लिहिते. पटलं नाही तर भांडा.

मी सहा वर्षं दोन शाळांत काढली, एक गंगापूर रोडची, एक इंदिरानगरच्या पुढची. दोन्ही सीबीएसई. आपल्याकडे समुपदेशकाची जाहिरात निघते ती बहुतेक याच बोर्डाच्या शाळेची, कारण त्यांच्या संलग्नतेच्या नियमांत हे पद आहे. नावं घेणार नाही, विचारू नका.

पहिल्या शाळेत पगार १८ हजार, करार ११ महिन्यांचा. मे महिना कोरडा. २०२३ पासून सरकारने माध्यमिकच्या शिक्षणसेवकांचं मानधन १८ हजार केलं, तेव्हा स्टाफरूममध्ये मला चिडवलं होतं, "घ्या, तुमच्याएवढं झालं!" फरक एवढाच की त्यांना तीन वर्षांनी कायम होता येतं.

पगाराचं सोडा. काम काय, तर नियुक्तिपत्रावर 'समुपदेशक', वेळापत्रकात सातवीचे जीवनकौशल्याचे तास, आणि रोज सकाळी फळ्यावर प्रॉक्सीत माझं नाव ठरलेलं. गणिताच्या मॅडम रजेवर? काउन्सेलरला पाठवा, ती फ्रीच असते. आता सकाळी ज्या पोराला मी "गप बस, नाहीतर बाहेर काढीन" म्हटलंय, ते पोरगं दुपारी माझ्याकडे येऊन घरातलं सांगेल का?

खोली म्हणाल तर क्रीडा साहित्याची. एका भिंतीला कॅरमचे बोर्ड टेकवलेले, कोपऱ्यात जाळीच्या पिशवीत फुटबॉल, मध्ये माझं टेबल. समोर आठवीतली मुलगी रडतेय आणि दार ढकलून कोणीतरी, "मॅडम, पंप!" दिवसातून दहा वेळा. बोर्डाची तपासणी जवळ आली की मात्र तीच खोली रंगायची, पडदे लागायचे, दोन कुंड्या यायच्या. तपासणी झाली की कुंड्या परत रिसेप्शनला.

आणि शेवटचं. दुसऱ्या शाळेत मला नोंदवही मागितली. कोणता मुलगा काय बोलला, सगळं. दिली नाही. "शाळेपासून काय लपवताय?" असं विचारलं गेलं, आणि पुढच्या जूनमध्ये माझा करार वाढला नाही.

शाळांना समुपदेशक नकोय, फाइलमध्ये लावायला त्याचं नाव हवंय. हे बदलेपर्यंत पोरींनो, दुसरीकडे बघा.

निवृत्त_हेडसर

राग समजू शकतो. पण मला या पदाचीच गरज कळत नाही, हे स्पष्ट सांगतो. निफाड तालुक्यात अनुदानित शाळेत ३१ वर्षं काढली. संचमान्यतेत, म्हणजे सरकार शाळेची पदं ठरवून देतं त्यात, पटावरून शिक्षक मिळतात, समुपदेशक नावाचं पद त्यात नाही. मग काय आमची पोरं वाऱ्यावर होती? द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत पोरगं चार दिवस आलं नाही, तर मजूर मिळाले नाहीत की बाप आजारी आहे, हे वर्गशिक्षकाला न विचारता कळायचं. घड भरले आणि गारपीट झाली, की दहावीत कोणाला त्या आठवड्यात गृहपाठ विचारायचा नाही हेही कळायचं. शहरातून एमए करून आलेली मुलगी यापेक्षा वेगळं काय सांगणार? शिक्षकाच्या मागची निवडणुकीची, सर्वेक्षणाची कामं कमी करा, तोच उत्तम समुपदेशक होईल.

दोन_पोरींची_आई

सर, तुम्हाला सगळं कळायचं यात शंका नाही. पण पोराला तुम्हाला *सांगता* यायचं का? मी अशाच शाळेत शिकले. आमचे वर्गशिक्षक आमच्या घराच्या मागच्याच गल्लीत राहायचे. संध्याकाळी बाबांबरोबर ओट्यावर बसून चहा प्यायचे. त्यांना काय कप्पाळ सांगणार होते मी?

ताईंचीही बाजू घेत नाही बरं. माझ्या मोठीने नववीत काउन्सेलरला एक गोष्ट विश्वासाने सांगितली. दुसऱ्या दिवशी ती प्रिन्सिपलना माहीत होती, आठवड्यात दोन शिक्षकांना. लेक म्हणाली, "आई, यापुढे मी फक्त डोकं दुखतंय एवढंच सांगणार." तुम्ही नोंदवही दिली नाहीत, हात जोडते. पण तुमच्यातल्या कितीजणी देत असतील?

कोर्टाची_पायरी

मॅडम, एक दुरुस्ती. सगळंच गुप्त ठेवता येत नाही. लैंगिक अत्याचाराबद्दल मूल काही बोललं, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. चांगला समुपदेशक हे मुलाला पहिल्याच भेटीत सांगतो : "तुझ्या जिवाला धोका असेल किंवा तुला कोणी त्रास देत असेल तर मला ते पुढे सांगावं लागेल, बाकी इथेच राहील." तुमच्या मुलीच्या बाबतीत झालं ती सरळ चहाडी.

आता मूळ मुद्दा. ताई, तुम्ही नेमक्या चुकीच्या वेळी 'नको' म्हणताय. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ ला सुकदेब साहा प्रकरणात निकाल दिला. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं, असे निर्देश आहेत. यात कोचिंग क्लासही आले. कॉलेज रोडवर नुसती चक्कर मारा, एका इमारतीत किती क्लास आहेत ते मोजा. कायदा होईपर्यंत हे निर्देशच कायद्यासारखे लागू. मागणी वाढणार आणि तुम्ही मुलींना पळवून लावताय.

पाथर्डीफाटा (धागाकर्ती)

वकीलसाहेब (असालच तर), निकाल मीही वाचलाय. 'किमान एक' हे शाळा नीट वाचतात. मुलांच्या संख्येशी योग्य प्रमाण ठेवा असंही त्यात आहे, पण आकडा नाही. म्हणजे अडीच हजार पोरांच्या शाळेत एकच बाई नेमून व्यवस्थापन म्हणणार, पाळला निर्देश. शाळा नेमणूक करेल हो. त्या बाईला प्रॉक्सीला पाठवायचं नाही, हे कुठल्या निकालात लिहिलंय?

सुरगाणा_एसटी

तुमचं भांडण सगळं गंगापूर रोड ते कॉलेज रोड. मी आश्रमशाळेत अधीक्षिका आहे. जरा घाट ओलांडून इकडे या.

आमच्याकडे मागे शहरातून एक पथक आलं होतं, एका दिवसाचं शिबिर. छापील फॉर्म वाटले. 'मला उदास वाटते', 'मला झोप लागत नाही', पुढे एक ते पाच आकडे, गोल करा. आमच्या मुली घरी कोकणी बोलतात. (गोव्याची नाही, गुजरात सीमेवरच्या डांगाकडची.) सहावीतल्या एकीने सगळीकडे तीनवर गोल केला, कारण पुढच्या मुलीने तसा केला होता. दुसरी एक बोललीच नाही, तर तिच्या कागदावर 'नैराश्य?' असं लिहून गेले. तिची आजी वारली होती आणि सुट्टी संपली म्हणून दिवस व्हायच्या आधी तिला परत आणून सोडलं होतं. रात्री मी तिच्याशेजारी गादी टाकली, तेव्हा तिसऱ्या दिवशी बोलली.

म्हणून हेडसरांचं थोडं पटतं, जवळ राहणाऱ्याला कळतं. पण माझ्या एकटीच्या जिवावर एवढ्या मुली आहेत, जेवणाच्या हिशोबापासून तापाच्या गोळीपर्यंत. मला शिकलेलं माणूस हवंय, आणि तिला भाषा येणारी हवी. पेठ-सुरगाण्याच्या मुली एमए करतायत आता. त्यांना 'नको' सांगू नका, ताई.

फक्त पद निघालं तरी बाह्यस्रोताने, म्हणजे ठेकेदार कंपनीमार्फत निघेल, ही धास्ती खरी आहे. २०२५ च्या पावसाळ्यात आदिवासी विकास भवनासमोर याच बाह्यस्रोताच्या विरोधात आमचे रोजंदारी शिक्षक बिऱ्हाड घेऊन बसले होते. ते नाशिककरांनी येता-जाता पाहिलंच असेल.

निवृत्त_हेडसर

अधीक्षिकाबाई, तुमच्यापुढे बोलायला जागा नाही. माझं म्हणणं शहरी शाळेपुरतं धरा. (आणि ओट्यावरच्या चहाचं म्हणाल तर, मॅडम, ते खरं आहे. याचा विचार मी कधी केला नव्हता.)

एमए_भाग२

मला भांडायचं नाही, नोकरी हवी आहे 🙏 सिडकोत राहते, जूनमध्ये एमए पूर्ण होईल. आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते का? बीएड करू का? कोणी नीट सांगेल का?

ओझर_टाउनशिप

मी सांगतो. केंद्रीय विद्यालयात दोन वर्षं कंत्राटी समुपदेशक होतो.

आरसीआय : क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला लागते. शाळेत समुपदेशन करायला लागत नाही. पण मग स्वतःच्या नावापुढे 'क्लिनिकल' लावायचं नाही, कार्डावरही नाही. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात समुपदेशकही धरलेत, तेव्हा नोंदणीचे नियम बदलतील तिकडे लक्ष ठेव.

बीएड : अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवायचं असेल तर कर. ती वाट वेगळी, पण पगाराच्या दृष्टीने बरी.

डिप्लोमा : एमएपेक्षा यावर जास्त अडतं. केंद्रीय विद्यालयाच्या जाहिरातीत मानसशास्त्राची पदवी आणि समुपदेशनाचा डिप्लोमा असं मागतात. एनसीईआरटीचा एक वर्षाचा आहे. सहा महिने दूरस्थ, तीन महिने केंद्रावर प्रत्यक्ष, तीन महिने इंटर्नशिप. आपल्याला भोपाळ त्यातल्या त्यात जवळ. तीन महिने घर सोडावं लागतं, म्हणून आपल्याकडच्या मुली टाळतात. टाळू नकोस.

जागा : नाशिकरोडला प्रेसचं, देवळालीचं, ओझरचं, अशी केंद्रीय विद्यालयं आहेत. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये थेट मुलाखती होतात, जाहिरात त्यांच्या संकेतस्थळावर येते, पेपरात शोधत बसू नकोस. दिंडोरीजवळ खेडगावला नवोदय आहे, तिथेही विचारून ठेव. निवासी शाळेतलं काम वेगळं असतं, रात्री आठनंतर खरं सुरू होतं.

आता ताई, तुमच्याशी. तुमचं सगळं मान्य, एक सोडून. ती क्रीडा साहित्याची खोली. माझी खोली ऑफिसशेजारी होती, काचेचं दार, बाहेर पाटी. दोन वर्षांत स्वतःहून आलेली मुलं बोटावर मोजण्याएवढी, कारण त्या दारातून आत जाताना अख्खा व्हरांडा बघायचा. तुमच्याकडे पंप मागायला दिवसातून दहा जण येत होते. मी असतो तर तो पंप कुलपात ठेवला असता आणि हवा भरायला प्रत्येकाला पाच मिनिटं बसवलं असतं.

दोन_पोरींची_आई

😄 हे आवडलं. माझ्या लेकीला असला पंप हवा होता.

कोर्टाची_पायरी

आणि रडणारी आठवीतली मुलगी? ती समोर बसलेली असताना पंपवाला आत आला तर? जुगाडाचं कौतुक पुरे. स्वतंत्र, आतून बंद होणारी खोली मिळालीच पाहिजे, हे लेखी मागा.

पाथर्डीफाटा (धागाकर्ती)

ओझर, तुमचं वाचून दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण एक मुलगा आठवला. नववीतला, अंबडकडून यायचा, वडील कंपनीत शिफ्टला. हा आठवड्यातून तीनदा पंप मागायला यायचा. मी वैतागून एकदा म्हटलं, "रोज कसा रे हवा जाते तुमच्या बॉलची?" तो म्हणाला, "मॅडम, मी फुटबॉल खेळत नाही." मग बसला. पुढचं सांगणार नाही.

हे सांगितलं म्हणून माझं मत बदललं असं नाही. तो आला तो शाळेच्या धोरणामुळे नव्हे, आणि शाळेने माझा करार वाढवला नाही तेव्हा त्याचं पुढे कोण बघणार हे कोणी विचारलं नाही. वकीलसाहेबांचं बरोबर आहे, खोली लेखी मागायला हवी होती. मी तोंडी मागत राहिले.

एमए_भाग२, भोपाळचं मनावर घे. मुलाखतीला मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच, दोन फोटो, अनुभव नसेल तर इंटर्नशिपचं पत्र वर लाव. सिडकोतून देवळाली कॅम्पला थेट जायच्या भानगडीत पडू नकोस, नाशिकरोडला उतर, तिथून मिळतं. आठच्या आधी पोच, रांग मोठी असते. खासगी शाळेत गेलीस तर नियुक्तिपत्रात 'व्यवस्थापन सांगेल ती इतर कामे' ही ओळ बघ, असतेच. ती खोडून दे म्हणावं. खोडणार नाहीत. पण तू वाचली आहेस हे त्यांना कळू दे.

आणि सुरगाण्याच्या ताई, तुम्हाला मेसेज केलाय. दिवाळीनंतर शनिवार-रविवार मला वेळ असतो. कोकणी येत नाही, ती तुम्ही शिकवा.

सुरगाणा_एसटी

या. शेवटची एसटी चुकवू नका, नंतर काही मिळत नाही. गादी माझ्याकडे आहे.